पट्टा मी एकटीने बसवला

आमच्या व्हॅनला पुढे बॉनेट नाही. इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. ड्रायव्हरशेजारची सीट मागे उलटवली की एक लोखंडी झाकण दिसतं, ते काढलं की इंजिन. स्पार्क प्लग वरून काढता येतात, पण फॅनबेल्टसाठी, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यासाठी, एकाला गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं आणि दुसऱ्याला वर बसून हात द्यावा लागतो. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते या दोन जागांमुळे झालं. खालची जागा आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वरची जागा माझी होती.

आमचं गाव नंदुरबारहून येताना धानोऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून. आप्पा बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होते. मी सातवीत असताना त्यांनी ही पेट्रोलची जुनी व्हॅन घेतली. आमच्या आधी तिचे तीन मालक होऊन गेले होते. सकाळी शाळेची मुलं, दुपारी कुणाचा दवाखाना, आणि मिरचीच्या हंगामात गावातल्या बायकांना नंदुरबारबाहेरच्या पथारीवर नेणं-आणणं. पथारी म्हणजे मोकळ्या रानात मिरची वाळत घालण्याची जागा. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. गाडी एक दिवस गॅरेजला लागली की एवढ्या लोकांची अडचण व्हायची, म्हणून आप्पा घरच्या घरी जमेल ते सगळं स्वतः करत.

प्लग बदलायला मला त्यांनीच शिकवलं. प्लगवरची टोपी ओढताना वायर धरायची नाही, टोपीच धरायची. प्लग सैल करण्याआधी भोवतीची धूळ तोंडाने फुंकून टाकायची, नाहीतर ती आत पडते. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. नवा प्लग आधी बोटांनी फिरवायचा, पाना नंतर. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा लागलाय, जोर करायचा नाही. मधली फट आप्पा तुटक्या हॅक्सॉच्या पात्याने बघत. ते पातं हलकं घासत गेलं की बरोबर. जुना प्लग ते मला उजेडात धरून दाखवत. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा तपकिरी असेल तर इंजिन खूश. काजळी असेल तर पेट्रोल जास्त खातंय. मी प्लगचा रंग पाहून सांगायची आणि आप्पा म्हणायचे, "बराबर." ते एवढंच म्हणायचे, पण मला ते पुरायचं.

दादा, माझा मोठा भाऊ, या कामात कधी आला नाही. त्याला ग्रीसचा वास सोसत नाही. तो नंदुरबारला एका कापडाच्या दुकानात कामाला आहे.

मग मी बारावी झाले आणि धुळ्याच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळाला. आमच्या घरात आजवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. आप्पांनी हॉस्टेलपर्यंत व्हॅननेच सोडलं आणि निघताना सारखं तेच सांगत राहिले, जेवण टाळू नको, अभ्यास कर. मी रडले नाही. मला वाटलं होतं, मी जाते आहे, पण मागे माझी जागा तशीच राहील. असं कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते.

दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दादाचं लग्न झालं. वहिनी चिंचपाड्याची. तिच्या वडिलांचं तिकडे रस्त्यावर छोटं गॅरेज आहे, एवढं आम्हाला लग्नाआधी ठाऊक होतं. ती त्या गॅरेजात वाढली होती, हे ठाऊक नव्हतं. लग्नानंतर आठवड्यात माझं कॉलेज सुरू झालं आणि मी परत गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा सकाळची वेळ होती. बॅग ओट्यावर ठेवली तेवढ्यात अंगणातून आप्पांचा आवाज आला. ते गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते.

"बेटा, बाराना पाना दे."

मी चप्पल न काढता धावले. गाडीपाशी पोचले तर उलटवलेल्या सीटच्या जागी वहिनी गुडघ्यावर बसली होती. तिने पाना आधीच खाली दिला होता. डोक्याला जुना रुमाल घट्ट बांधलेला, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि कोपरापर्यंत काळे हात. मला बघून ती हसली.

"आलात ताई? आप्पा, ताई आल्या बघा."

खालून आप्पा म्हणाले, "उनी का? बठ, चहा पी. बेटा, आते डायनामो दाब. आनखी. बस."

हे दुसरं "बेटा" माझ्यासाठी नव्हतं.

मला तिच्या पदराचंसुद्धा वाईट वाटलं, हे लिहायला लाज वाटते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर ढळू देत नाही. आईने बावीस वर्षं माझ्या आजोबांसमोर तो ढळू दिला नाही. आईनेच मला मग सांगितलं, वहिनी पहिल्यांदा गाडीपाशी गेली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "पदर सोड पहिले. पट्टामा सापडना तं डोकं जाई." आणि तेव्हापासून रुमाल. आप्पांनी माझ्यासाठी कधी काही मोडलं नव्हतं. मोडायची गरजच पडली नव्हती, मी मुलगी होते. पण त्या क्षणी मला असं वाटलं की त्यांनी तिच्यासाठी एक मोठी गोष्ट केली आणि माझ्यासाठी काहीच नाही. शिवाय तीही त्यांना आप्पाच म्हणत होती. बाबा म्हणू शकली असती.

मी आईला स्वयंपाकघरात विचारलं, "हाई कवयपासून करस?"

"तू गयी, त्यास्ले हात तं लागस ना कोनाना," आई म्हणाली. "गुनी शे पोर. तुले काय व्हयनं?"

"माले काय व्हई?"

मला काय होतंय ते मला चांगलं कळत होतं. संध्याकाळी मी वहिनीची परीक्षा घ्यायला गेले. ती भाकरी थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, प्लगचा गॅप किती मिलिमीटर ठेवता तुम्ही?"

वहिनीला आमची अहिराणी अजून नीट येत नाही. तिच्या बोलण्यात गुजराती शब्द येतात, म्हणून ती आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलते. ती म्हणाली, "मिलिमीटर मला नाही सांगता यायचं ताई. वडिलांकडे पात्यांचं माप होतं, पण मी नजरेनेच करते. तुम्ही सांगा ना, किती असतो?"

मी आकडा सांगितला. ती मनापासून म्हणाली, "बघा, तुम्हाला माहीत आहे." मागे आप्पा ताटावर बसले होते. ते हसून म्हणाले, "हिले माप लागस, तिले नजर."

त्यांना दोघींचं कौतुक करायचं असेल. मी मात्र रात्रभर त्या वाक्याचं वजन करत राहिले, आणि प्रत्येक वेळी नजरेचं पारडं खाली गेलं.

सुट्टीत मी आईबरोबर पथारीवर जाऊ लागले. तिथे बायका गटागटाने बसून मिरचीचे देठ खुडतात. कामाला बसण्याआधी सगळ्या जणी तळहातांना गोडं तेल चोळतात, नाहीतर बोटांची आग आग होते. एका बाटलीतून सगळ्यांना थोडं थोडं. आणि मधे हात धुवायचे नाहीत, पाणी लागलं की आग जास्त भडकते. कोरड्या गोणपाटाला पुसायचे आणि पुन्हा तेल. हे मी लहानपणापासून बघितलेलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

त्या बायका सकाळ-संध्याकाळ आमच्याच व्हॅनमधून यायच्या, त्यामुळे घरात काय चाललंय ते त्यांना आमच्याआधी ठाऊक. माझ्यासमोर शेजारची काकू बसायची. तिने पहिल्याच दिवशी सुरू केलं.

"काय वं, तुन्ही वहिनी तं पक्की मिस्तरी निंघनी!"

"आम्हनी सून चहा बी नीट करत नही," दुसरी म्हणाली, "नि हाई इंजिन खोलस."

"मंग तू काय करस वं कॉलेजमा? वहीमा गाडी काढस का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूने खुडलेली मिरची ढिगावर टाकली आणि सहज म्हणाली, "आप्पाले आते पोरगी कशाले पाहिजे? सून शे ना."

आई म्हणाली, "चूप बठ वं, तिले खरं वाटी."

मला ते खरंच वाटलं होतं. तेच तर वाईट होतं.

त्याच आठवड्यात सकाळी गाडी सुरू केली की पट्टा कुरकुरू लागला. आप्पांनी टॉर्च लावून बघितलं तर पट्ट्याला आतून चिरा पडल्या होत्या. प्लगही जुने झाले होते, गाडी चढावर झटके देत होती. नंदुरबारहून त्यांनी नवा पट्टा आणि तीन प्लग आणले, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवले, आणि रात्री जेवताना वहिनीला म्हणाले, "परवा सुट्टी शे. आपुन दोन्ही बसाडी टाकू."

आपण दोघं. मी तिथेच बसले होते, हातात तांब्या होता.

दुसऱ्या दिवशी पथारीवर दुपारी जेवणाची सुट्टी झाली. व्हॅन नेहमीसारखी पलीकडच्या लिंबाखाली उभी होती. आप्पा गाडी तिथेच ठेवून ओळखीच्या एकाच्या ट्रॅक्टरवर बसून गावात बाराव्याच्या जेवणाला गेले होते, चारला येणार होते. किल्ली आईकडे होती. मी आईला म्हटलं, गाडीत जाऊन जरा पडते. गोणपाटाला हात पुसले, किल्ली घेतली आणि गेले.

इंजिन गार होतं. मी सीट उलटवली, झाकण काढलं आणि पहिल्या प्लगभोवतीची धूळ फुंकली. एक वायर, एक प्लग. बोटांनी फिरवला, तो सरळ आत गेला. पान्याने शेवटचा पाव फेरा. दुसरा, तिसरा. जुने प्लग मी ओळीने मांडले, दोन तपकिरी, एक काजळलेला. "बराबर" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मनात म्हटलं.

पट्ट्याला दोघं लागतात. मी एकटी होते. मी पोतं अंथरून खाली गेले, पट्टा ताणून धरणाऱ्या डायनामोचे दोन बोल्ट सैल केले, वर आले, डायनामो आत ढकलला, जुना पट्टा काढून मागच्या सीटखाली टाकला. पुन्हा खाली. नवा पट्टा बसवताना तो एका पुलीवरून सुटायचा, दुसरीवर चढायचा. मी तो दोन्ही हातांनी आतून-बाहेरून धरून, दाबून, फिरवून बसवला. डायनामो ताणून धरायला कुणी नव्हतं, तर तुटक्या फावड्याचा दांडा मधे घातला आणि खांद्याने रेटत बोल्ट आवळले. मग अंगठ्याने दाबून बघितलं. जेवढा दबायला हवा तेवढाच दबत होता.

मला किती आनंद झाला होता ते सांगते. कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हाही एवढा झाला नव्हता. त्या आनंदात वहिनीचा चेहरा होता. उद्या ती रुमाल बांधून येईल आणि करायला काही उरलेलं नसेल.

आप्पा आले. बायका दाटीवाटीने बसल्या. त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली, एकदम मऊ. आप्पांनी कान दिला.

"प्लग कोनी बदलात?"

"मी. पट्टा बी. एकलीनी."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "एकलीनी?" आणि मग ते हसले, दात दिसतील एवढे. काकू मागून म्हणाली, "देख बाई, पोरगी बी काही कमी नही!" मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

जेमतेम दोन मैल गेलो असू. चढ लागला, आप्पांनी गिअर पाडला आणि सीटखालून किंचाळी आली. डुक्कर धरल्यावर ओरडतं तशी. बायकांनी कानावर हात ठेवले. मग बॅटरीचा लाल दिवा लागला. आप्पा हळूहळू नेत राहिले, पण त्याच पट्ट्यावर इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंपही चालतो, तापमानाचा काटा वर चढू लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

सगळ्या उतरल्या. आप्पांनी सीट उलटवली. इंजिन थोडं निवाल्यावर आत हात घालून पट्टा चाचपला, घाम पुसायला तोच हात तोंडावरून फिरवला आणि "आय गं" म्हणून खाली बसले. डोळे लाल झाले, पाणी वाहू लागलं. मिरची. पण आमच्या गाडीत त्या दिवसांत सगळीकडेच मिरची असते, सीटांवर, दारांवर, स्टिअरिंगवर, म्हणून त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"काय वं कॉलेजवाली," काकू म्हणाली, "पट्टा बसाडा का गाडी बसाडी टाकी?"

बायका हसल्या. आप्पांनी डोळे मिटूनच फोन काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घर फोन लाव. तिले म्हन ये."

मीच फोन लावला. मीच म्हटलं, "वहिनी, आप्पा बोलावतात."

दादा घरी आलेला होता, तो तिला मोटरसायकलवर घेऊन आला. वहिनी उतरली, रुमाल बांधला आणि वाकून आत हात घातला. पट्ट्यावरून दोन बोटं फिरवली, बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मग तिने माझ्या हातांकडे बघितलं. ते अजून चकाकत होते.

मलाही त्याच वेळी कळलं. तेलाने घर्षण कमी होतं. पहिल्या वर्षीच्या वहीत मी त्याची आकृती काढली आहे, खाली लाल रेघ मारून. आणि त्याच हातांनी मी तो पट्टा बसवला होता, आतून आणि बाहेरून, प्रेमाने दाबून दाबून.

आता ती सांगेल, मला वाटलं. सगळ्यांसमोर. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

वहिनी म्हणाली, "आप्पा, बसवलाय बरोबर. पट्टाच खराब निघाला. नकली असेल."

तिने पुली कोरड्या फडक्याने घासून पुसल्या, मला मागच्या सीटखालून जुना पट्टा काढायला सांगितला आणि तोच परत चढवला. सगळं मिळून अर्धा तास. चिरलेल्या पट्ट्यावर आम्ही हळूहळू घरी आलो.

तिचे आभार मानावेत एवढं साधं मला जमलं नाही. उलट राग आला. आता ती माझ्यापेक्षा चांगली मिस्तरीच नव्हती, चांगली माणूससुद्धा होती, आणि त्यातलं अर्धं फक्त मला माहीत होतं. रात्री भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "ताई, मलाही एकदा असंच झालं होतं. ग्रीसच्या हाताने. वडिलांनी पाना फेकून मारला होता." मी घासलेली भांडी उचलून आत नेली. मला तिच्या चुकीची गोष्टसुद्धा नको होती.

सकाळी उठले तर आप्पा नवा पट्टा पिशवीत घालून निघाले होते. डोळा अजून सुजलेला.

"कथा जातस?"

"त्या दुकानवालाकडे. नकली माल दिन्हा. बायका भर रस्तामा उतरन्यात मन्ह्या. त्याना तोंडवर फेकसू मी हाऊ पट्टा."

आप्पा सहसा कुणाशी भांडत नाहीत. त्या दुकानदाराकडून ते गाडी घेतल्यापासून माल घेत होते. मी म्हटलं, मीपण येते. वाटेत सांगू, असं ठरवलं होतं. वाटेत सांगितलं नाही. धानोऱ्याचा फाटा गेला, रेल्वेचं फाटक आलं, तिथे गाडी थांबली, आम्ही दोघंच, आणि मी समोरच्या ट्रकचा नंबर वाचत बसले. सांगितलं तर वहिनीचं खोटं उघडं पडणार होतं. एका क्षणी मला ते हवंहवंसंही वाटलं. मी स्वतःला तेवढीच चांगली म्हणवते, जेवढी त्या फाटकापाशी होते.

दुकानात गिऱ्हाइकं होती. आप्पांनी पट्टा काउंटरवर आपटला.

"हाऊ माल देतस का तुम्ही? इतला वरीसनं गिऱ्हाईक शे मी."

दुकानदार म्हातारा माणूस. त्याने चष्मा लावला, पट्टा उलटा केला, छाप बघितला. "आप्पा, माल ओरिजनल आहे. तुम्हाला मी नकली देईन?" आणि पट्टा हातात फिरवता फिरवता त्याला शिंक आली. एक, दोन, तीन. त्याने बोटांकडे बघितलं. "याला तेल आहे काहीतरी. तिखटाचं तेल."

"तेल कथाईन ई? तूच लावं व्हई ते!" आप्पांचा आवाज चढला. दोन गिऱ्हाइकं मागे वळली. म्हाताऱ्याने चष्मा काढला. त्याचा चेहरा असा झाला की मला पुढचं थांबवता आलं नाही.

"आप्पा, मन्हा हातले तेल व्हतं. पथारीवरनं. मी हात धुवाच नही."

दुकानात सगळे माझ्याकडे बघत होते. मी फक्त आप्पांकडे बघत होते. ते रागावतील, किंवा निदान म्हणतील की अरे, एवढंच ना. त्यांनी पट्टा हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं,

"मंग ती काबर खोटं बोलनी?"

अशा वेळीसुद्धा त्यांच्या मनात पहिली तीच आली. मला रडू आलं, आणि ते चूक कबूल केल्याचं नव्हतं.

"मन्हाकरता," मी म्हटलं. "दुसरं काय?"

आप्पांनी म्हाताऱ्यासमोर हात जोडले. म्हातारा म्हणाला, "होतं आप्पा, पोरं आहेत," आणि चहा सांगितला. आप्पांनी दुसरा पट्टा विकत घेतला. परतताना त्यांनी रेल्वेचं फाटक ओलांडलं. मग म्हणाले, "प्लग चांगला बसाडात तू. गाडी कशी मऊ चालस." थोड्या वेळाने, रस्त्याकडेच बघत, "खालथून हाक मारू मी तुलेच, पहिले पहिले. तू तं धुळ्याले कॉलेजमा. एक दिन ती ईसन बठनी वर. मी काय तिले उठ म्हनू?"

मी म्हटलं, "नही."

"मंग?"

त्यांचं बरोबर होतं आणि तरी मला तसंच वाटत होतं. मी बाहेर बघत राहिले. कापूस फुटलेला होता.

घरी आल्यावर त्यांनी पट्टा ओट्यावर ठेवला आणि हाक मारली, दोघींना. "दोन्हीजनी मिळीसन बसाडा. मन्हा डोळाले दिसत नही." खाली कोण आणि वर कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनी माझ्याकडे बघत थांबली. मी साबणाने हात धुतले, मग मातीने, मग पुन्हा साबणाने, पुसून तिला दाखवले. तिने डॉक्टरसारखे उलटेपालटे करून बघितले आणि मान हलवली. मग मी पोतं ओढलं आणि खाली गेले. वहिनी वर बसली.

आप्पा ओट्यावर बसून सुजलेल्या डोळ्याला ओलं फडकं लावून चहा पीत होते. चांगल्या डोळ्याने ते आमच्याकडे बघत होते. गाडीखालून मला ते पुरते दिसत नव्हते, फक्त गुडघे आणि बशी धरलेला हात. ते कुणाकडे बघतायत ते कळावं म्हणून मी दोनदा मान तिरकी करून बाहेर काढली.

वरून वहिनी म्हणाली, "ताई, इकडे बघा. बोट जाईल."